पुन्हा एकदा तारकर्ली

गेल्या पौष महिन्यात आम्ही उभयता तीन रात्रींसाठी मालवणजवळच्या तारकर्लीला जाऊन आलो. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे हल्ली दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत तिकडे जातात. त्यामुळे निळे पाणी, सिंधुदुर्ग किल्ला आणि कर्ली खाडीतील नौकाविहार यांची वर्णने वाचकांनी ऐकलेलीच असतील. माझे जाणे मात्र थोड्या निराळ्या कारणासाठी होते. निघताना ते मी सौभाग्यवतींनाही सांगितले नव्हते.

कोल्हापूरहून गगनबावड्याला पोहोचून करूळ घाट उतरला की वैभववाडी आणि पुढे तळेरे लागते. तेथून मालवणसाठी महामार्गाने दक्षिणेकडे वळायचे असते. आम्ही आधी थोडे उत्तरेला, खारेपाटणला गेलो. विजयदुर्गच्या खाडीवरील हे जुने व्यापारी गाव. एके काळी गलबते समुद्रातून थेट येथवर येत आणि घाटमाथ्याचा माल येथूनच चढे-उतरे. येथे जैन मंदिर आहे. दक्षिण कोकणात आपली वस्ती फार थोडी. पण जेथे धक्का आणि बाजारपेठ होती तेथे आपला माणूस पोहोचला होता, हे त्या शांत मंदिरात बसल्यावर जाणवते. दर्शन घेऊन कणकवली, कसाल या मार्गाने दुपारी मालवणात उतरलो.

मालवण मला नवे नाही. १९८४ ते १९८७ या काळात मी तेथील एका बँकेच्या शाखेत कर्ज विभागाचा अधिकारी होतो. वय सव्वीस, हातात एम. कॉम. ची पदवी आणि नोकरीची पहिली तीन वर्षे संपलेली. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. कोकण रेल्वे नव्हती. कोल्हापूरहून एस. टी. ने येण्यात अख्खा दिवस मोडत असे. पर्यटक हा शब्द मालवणात कोणी वापरत असल्याचे मला आठवत नाही. किल्ला पाहायला शाळेच्या सहली येत. शिवछत्रपतींनी १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेला तो जलदुर्ग, आतले राजाराम महाराजांनी उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर आणि खाऱ्या पाण्याने वेढलेल्या बेटावरील दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहून मुले संध्याकाळी परत जात. सहा-सात किलोमीटरवरच्या तारकर्लीला मात्र कोणी जात नसे. तेथे माडांच्या रांगा, कौलारू व झावळ्यांची घरे आणि लांबच लांब पांढरी पुळण. मी तेथे जाई तो कर्जदाराच्या घराची पाहणी करायला, भाड्याच्या सायकलवरून.

त्या काळची रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती थोडक्यात सांगणे कठीण आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे अवाढव्य जाळे. ते एकाचे नसे. अनेक घरांनी आपापला तुकडा द्यायचा, तुकडे जोडून एक जाळे करायचे. पहाटे होडी ते जाळे घेऊन समुद्रात अर्धवर्तुळ काढी. दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येत आणि प्रत्येक दोराला वीस-पंचवीस माणसे लागत. बायका, म्हातारे, शाळेत निघालेली पोरे, सगळे ओढत. तास-दीड तासाने जाळ्याचा पोटाकडचा भाग वाळूवर येई. तेथेच लिलाव होई आणि आलेल्या पैशाचे वाटे पडत. जाळ्याच्या तुकड्यांचा वाटा, होडीचा वाटा, हातांचा वाटा. ज्याचा तुकडा नाही, होडीही नाही, पण जो दोराला लागला, त्यालाही घरच्या कालवणापुरते मिळे. हिशेब कागदावर नसे आणि तरी भांडण क्वचितच होई. जमाखर्चाच्या दृष्टीने पाहणाऱ्या मला त्याचे मोठे आश्चर्य वाटे.

आश्चर्य वाटे आणि मी तोंडही फिरवी. जाळे वाळूवर आल्यावर त्यात जे चाले ते माझ्याने पाहवत नसे. आमच्या घरी दिवेलागणीनंतर पाणीही न घेणारी माणसे. वडिलांची कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाची अडत. माझी मालवणला नेमणूक झाल्याचे कळल्यावर ते काही बोलले नाहीत. पहिल्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा मात्र त्यांनी एवढेच विचारले, “तिकडे कर्जे कशाची देता?” मी म्हणालो, “आंब्याच्या बागा, दुकाने, रिक्षा. आणि होड्या, जाळी.” ते म्हणाले, “आपल्याकडे पाप तीन वाटांनी लागते. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि केलेल्याला संमती दिलेले. मंजुरीवर सही करणे यातले कोणते, ते तू शिकलेला आहेस, तूच ठरव.”

बँकेत तर नेमके उलटे दडपण होते. १९८५ पर्यंत एकूण कर्जांपैकी ४० टक्के कर्जे अग्रक्रम क्षेत्राला गेली पाहिजेत, असा राष्ट्रीयीकृत बँकांना दंडक होता आणि मच्छीमारी त्याच क्षेत्रात मोडे. सुती व तागाची जाळी मागे पडून नायलॉनची आली होती. वल्ह्याच्या होड्यांना इंजिने लागू लागली होती. त्यामुळे मागणी होतीच.

१९८५ च्या उन्हाळ्यात तारकर्लीच्या एका तांडेलाचा अर्ज माझ्या टेबलावर आला. नायलॉनची जाळी आणि एक इंजिन. माणूस पन्नाशीचा, कमी बोलणारा, इतरत्र कर्ज नसलेला. अर्जात दोष नव्हता. मी तो नाकारला नाही. मी फक्त एकेक कागद मागत गेलो. आधी दुसरे दरपत्रक, मग सोसायटीचा ना-देय दाखला, मग आणखी एक जामीनदार. जामीनदार आणला तर त्याच्या जमिनीचा उतारा. तारणासाठी त्याने आपली किनाऱ्यालगतची जमीन दाखवली. मी सायकलवरून जाऊन ती पाहिली आणि अहवालात लिहिले की, जमीन रेताड व बिगरउपजाऊ असून तारण म्हणून तिचे मूल्य नगण्य आहे. हे वाक्य मला आजही शब्दशः आठवते. दर वेळी तो कागद घेऊन येई आणि मी म्हणे, “पुढच्या आठवड्यात या.” पावसाळा आला, नारळी पौर्णिमा झाली, बंदरावर सागराला नारळ अर्पण झाले, नवा हंगाम सुरू झाला. अर्ज माझ्या खणातच होता.

भाद्रपदात कळले की त्याने मासळीच्या एका व्यापाऱ्याकडून पैसे उचलले. अशा उचलीवर व्याज नसते. अट एवढीच की, पकडलेली सारी मासळी त्याच व्यापाऱ्याला घालायची आणि भाव त्याने ठरवायचा. हा व्यवहार मला समजावून सांगावा लागला नाही. आमच्या अडतीवर गुऱ्हाळवाल्यांना हंगामाआधी उचल दिली जाई आणि त्यांचा गूळ आमच्याच दारी येई. वडील भाव सचोटीने देत, हे मी अभिमानाने सांगेन. पण उचल घेतलेला माणूस दुसऱ्या दारी जाऊ शकत नाही, हे त्या व्यवहाराचे मूळ आहे आणि प्रत्येक अडत्याला ते ठाऊक असते.

म्हणजे माझ्या खोळंब्याने समुद्रातला एकही जीव वाचला नव्हता. जाळे आले, होडीला इंजिन लागले, मासळीही निघाली. फरक एवढाच की, बँकेच्या ठरीव व्याजाऐवजी तो माणूस व्यापाऱ्याच्या भावात अडकला. शाखाधिकाऱ्यांच्या तपासणीत तो अर्ज सापडला. त्यांनी मला आत बोलावून चार शब्द सुनावले, ते योग्यच होते. पुढच्या दोन वर्षांत मी मच्छीमारीची बरीच कर्जे मंजूर केली, वेळेवर केली. घरी त्याविषयी बोललो नाही. १९८७ मध्ये माझी बदली झाली. त्याच वर्षी मालवणचा समुद्र अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि मच्छीमारांत मोठा असंतोष पसरला. त्या गडबडीत मी सामान बांधले. त्या तांडेलाला भेटलो नाही. दर वर्षी क्षमापनेच्या दिवशी मी नात्यातल्या, ओळखीच्या, कधी न भेटलेल्या माणसांचीही क्षमा मागत आलो. ज्याच्याशी खरोखर चुकलो होतो, तो त्या यादीत कधीच नव्हता.

तर हे कारण. सेवानिवृत्तीनंतर चौकशी केली तेव्हा समजले की, त्या घराने आता पर्यटकांसाठी खोल्या काढल्या आहेत. पुतण्याने मोबाईलवरून आरक्षण केले.

आजचे तारकर्ली पाहून मी प्रथम वाटच चुकलो. सायकलने जात असे तो रस्ता आता फलकांनी भरला आहे. निवास-न्याहारी, घरगुती जेवण, स्कूबा डायव्हिंग, डॉल्फिन दर्शन. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ च्या प्रजासत्ताक दिनी कोकण रेल्वे पूर्णपणे खुली झाली आणि महामंडळाचे निवासस्थान किनाऱ्यावर उभे राहिले. पाठोपाठ गावकऱ्यांनी पडव्या बांधून घेतल्या, पडव्यांच्या खोल्या झाल्या, खोल्यांवर मजले चढले. २०२१ मध्ये चिपीला विमानतळही झाला. पुळण मात्र तशीच आहे, किंबहुना पौषातल्या सकाळी अजून तितकीच निर्मनुष्य असते. पुढे देवबागला गाव एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी यांच्यामध्ये चिंचोळ्या पट्टीवर वसलेला आहे. तेथे लाटांनी जमीन खाल्लेली दिसते आणि धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे दगड माडांच्या मुळाशी येऊन भिडलेले आहेत. खोल्या बांधण्यासाठी कर्ज देणाऱ्या आजच्या अधिकाऱ्याने तारणाच्या रकान्यात काय लिहिले असेल, असा विचार माझ्या मनात आला. सवय जात नाही.

घरमालक म्हणजे तांडेलाचा धाकटा मुलगा, आता पंचावन्नच्या पुढचा. त्याच्या पत्नीने सौभाग्यवतींना पाहताच सांगितले, “काकी, तुमका वेगळी भांडी काढून ठेवलंय, काळजी नको.” जैन पाहुणे त्यांना नवे नव्हते. मासळीचा स्वयंपाक मागच्या चुलीवर, आमचा पुढच्या खोलीत, आणि सहाच्या आत ताट. काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या, कुळथाची पिठी, फणसाची भाजी, वर आमसुलाचे सार. कांदा-लसणाशिवाय मालवणी जेवण होते का, असे विचारणाऱ्यांनी तेथे जाऊन पाहावे. सौभाग्यवतींनी वाटाण्याच्या उसळीची कृती लिहूनही आणली आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे फिरायला गेले होते तेव्हा घरमालक माझ्याजवळ खळ्यात येऊन बसला. मी त्याला धंद्याविषयी विचारले. तो मोकळेपणाने बोलला. वडिलांनंतर भावाने होडी चालवली. पण मोठ्या पर्ससीन नौका आल्यावर किनाऱ्यालगतची मासळी आटली. राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने त्या जाळ्यांवर निर्बंध घातले, पुढच्या वर्षी केंद्राने दिव्यांच्या झोतावर होणारी मासेमारीही बंद केली. कागदावर सारे आहे, पण रात्री क्षितिजावर दिवे दिसतातच, असे तो म्हणाला. भाऊ आता पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो. मुलाने पाणबुडीचे रीतसर प्रशिक्षण घेतले असून तो किल्ल्याजवळच्या प्रवाळांत पाहुण्यांचे हात धरून त्यांना खाली उतरवतो. उन्हाळा, दिवाळी, नाताळ मिळून फार तर शंभर-सव्वाशे दिवस खोल्या भरतात. पावसाळ्यात हप्ता मात्र तसाच जातो.

मला आत कुठेतरी बरे वाटत होते, हे कबूल करतो. जाळ्यांचे गाव आता जाळ्यांवर जगत नाही! संध्याकाळी सर्व टेबलांवर सुरमई आणि पापलेटची ताटे आली तेव्हा ते समाधान फार टिकले नाही. घरमालकाला विचारले, “एवढी मासळी येथेच मिळते?” तो म्हणाला, “नाय. इतकी खय? बाहेरसून येता.” गावाने कधी खाल्ली नसेल इतकी मासळी हे गाव आता पाहुण्यांना खाऊ घालते आणि तीही मोठ्या नौकांनी पकडलेली, ज्यांच्याविरुद्ध येथली माणसे मोर्चे काढतात. या जमाखर्चाची बाकी मला अजून काढता आलेली नाही.

दुसरी गोष्ट वाट्यांची. रापणीत ज्याच्याकडे काहीच नव्हते त्यालाही दोराला हात लावल्याबद्दल वाटा होता. खोल्यांच्या धंद्यात वाटा जमिनीचा असतो. ज्यांची किनाऱ्यावर स्वतःची जमीन होती ते घरमालक झाले. ज्यांची घरे दुसऱ्याच्या जागेत होती ते होडीवर, स्वयंपाकघरात, नाहीतर मुंबईत. घरमालकाने बोट दाखवून एकेक घर सांगितले, त्यात तक्रारीचा सूर नव्हता. “आमचा नशीब, बाबांनी ही जमीन इकूक नाय,” असे तो म्हणाला.

तेव्हा मी त्याला सांगितले. ही जमीन मी पाहिली आहे, १९८५ मध्ये, सायकलवरून येऊन. आणि पुढचे सगळे. सौभाग्यवती शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनाही ते प्रथमच कळत होते.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हसला. वडिलांना आठवण होती, म्हणाला. ते घरी येऊन सांगत, “सायब नाय म्हणणा नाय, फुडल्या आठवड्यात येवा म्हणता.” त्या व्यापाऱ्याच्या उचलीतून मोकळे व्हायला त्यांना सहा हंगाम लागले. बांगड्याला बाजारात जो भाव असेल त्याच्या कितीतरी खाली द्यावा लागे. थोरल्या बहिणीचे लग्न त्यामुळे दोन वर्षे लांबले. व्यापाऱ्याने जमीनही मागितली होती, वडिलांनी दिली नाही. हे सारे त्याने ज्या स्वरात हंगामाचे दिवस सांगितले त्याच स्वरात सांगितले. मी हात जोडून क्षमा मागितली. त्याने माझे हात खाली केले आणि म्हणाला, “बाबा आसते तर त्यांका बरा वाटला असता. पण त्यांच्या वतीने मी कसा सांगू?” तांडेल जाऊन पंधरा वर्षे झाली आहेत.

मग त्यानेच विचारले, “पण कित्या असा केलात सायबानू? पैसे होयत होते काय?” लाच हवी होती का, असा त्याचा प्रश्न होता. मी म्हणालो, “नाही. जीवहत्येला पैसे द्यायला नको वाटले.” तो मान हलवत राहिला. त्याला ते कारण लाचेपेक्षा चांगले वाटले की वाईट, ते मला त्याच्या चेहऱ्यावरून समजले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही. रात्री सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “मामंजींना हे सांगायला हवे होते तुम्ही. ते रागावले नसते.”

निघण्याच्या दिवशी पहाटे किनाऱ्यावर रापण लागली होती. आता ती क्वचितच लागते. दोराला पंधरा-सोळा माणसे, बहुतेक साठीच्या पुढची. चार पर्यटक मुलेही फोटो काढता काढता ओढू लागली. घरमालकही पँट दुमडून दोराला लागला होता. मला पाहून ओरडला, “येवा सायबानू, हात लावल्यार वाटो गावता!” आजूबाजूचे हसले. मी हात लावला नाही. पण या वेळी तोंड फिरवून गेलो नाही, शेवटपर्यंत उभा राहिलो. जाळे आले तेव्हा त्यात फार काही नव्हते, दोन-तीन टोपल्या. म्हाताऱ्या तांडेलाने वाळूवर ढीग घातले, ओढणाऱ्या त्या पर्यटक मुलांसाठीही एक लहानसा ढीग घातला. मुलांना त्याचे काय करावे ते कळेना. तो त्यांनी शेजारच्या आजीबाईला दिला.

परत आल्यावर संक्रांतीच्या आधी मी शाहूपुरीतून गुळाच्या दोन ढेपा त्यांना पाठवल्या. अडत आता आमच्याकडे नाही, पण चांगला गूळ कोणाचा ते अजून कळते. आठ दिवसांनी तिकडून एस. टी. च्या पार्सलने एक पिशवी आली. आत आमसुले, सहा नारळ आणि काळे वाटाणे होते. पिशवीवर माझा मोबाईल क्रमांक होता आणि त्याच्यावर लिहिले होते : बँकेचे साहेब, कोल्हापूर.